साळुंकीने उचललेला आवाज

भांडुपला मटणाच्या दुकानासमोर रांगेत माझ्यापुढे दोन बायका होत्या. थोरली तावातावाने सांगत होती.

“घरट्यातून पडलेली साळुंकी मी वाढवली, वनमाला. आणि ती माझ्या गॅविनच्या आवाजात म्हणते, ‘मम्मी, बिझी आहे, नंतर करतो.’”

“तुमचा फोन स्पीकरवर असतो ना, मॉनिका आंटी.”

“मुलगा दुसरं काही बोलतच नाही, तर पाखरू काय शिकणार?”

“त्याला सांगितलं?”

“मी कशाला सांगू? काल त्याचा फोन आला तेव्हा तिनेच ऐकवलं. विचारतो, ‘कोण माणूस आलाय घरी?’”

“मग?”

“म्हटलं, नीट ऐक. तेव्हा स्वतःचाच आवाज ओळखला त्याने. आज जेवायला येतोय.”

“चांगलं झालं की.”

“काय चांगलं? मी बोलावलं तेव्हा कधी आला नाही, आणि आता पाखरापुढे लाज वाटली म्हणून येतोय.”