जांभळ्या ठिपक्याची चिप

हॅलो?… कोण?… जरा मोठ्यानं बोल, कढईत तेल तापलंय… हां, लुदिविना. बोल गं.

नाही नाही, दुपारची झोपले नव्हते. झोपतेय कुठली… उद्या गुड फ्रायडे, लाल मिरचीचा रस्सा करायचाय, अंड्याची भजी तळायचीत, मोड आलेल्या गव्हाचा गोड पानोचा अजून भट्टीत आहे… आणि आमच्या जाऊबाईंना, म्हणजे तुला, फोनला हीच वेळ सापडली. बोल.

कोण, हे? बाहेर अंगणात. गाडीजवळ खुर्ची टाकून बसलेत. नाकात नळी, शेजारी ऑक्सिजनचं नळकांडं… अगं गाडीकडे असं बघतात, की लग्नात माझ्याकडेही तसं नव्हतं बघितलं.

डॉक्टर काय म्हणणार? फुफ्फुसं संपत आली म्हणाला. पुढच्या गुड फ्रायडेला असतील की नाही, देव जाणे… म्हणून तर हट्ट. उद्या एस्पान्योला गावातल्या सगळ्या नटवलेल्या गाड्या रिव्हरसाइड रस्त्यावर हळूहळू मिरवत निघणार, आणि ओनेसिमोची माँटे कार्लो गाडी तेवढी दारात? चाळीस वर्षांत असं झालं नाही म्हणतात.

हो, चालू होते ना. होते आणि धूर ओकते. काळाकुट्ट! सकाळी चालू केली तर वाळत घातलेल्या चादरींचे काळे पडदे झाले, पुन्हा धुवाव्या लागल्या. हे खोकून खोकून निळे पडले… मी किल्लीच काढून घेतली. अशा गाडीत त्यांना कशी बसवू, सांग?

का म्हणजे? तुला माहीत नाही का? गाडीला डोकंच नाही! नाताळपासून भावजींकडे आहे ना आमची चिप… अगं हो, दर नाताळला अदलाबदल करायचेच दोघे, माझी तुझ्या कॅप्रीस गाडीला घालून बघ, तुझी माझ्या गाडीला… पण परत द्यायचे ना! यंदा भावजी आमची तेवढी घेऊन गेले, स्वतःची दिलीच नाही, ते गेलेच. फोन नाही, तोंड दाखवणं नाही. सख्खे भाऊ गं!

हे म्हणतात, फिदेन्सिओनं ढापली. मी म्हटलं, एवढासा काळा किडा, दोन्ही बाजूंना पाय, कोण ढापेल?… पण खरंय, कार्बोरेटरला पेट्रोल किती घे ते त्या किड्यानंच सांगायचं. तो नसला की कार्बोरेटर पितच सुटतो. माझ्या मामासारखा.

हसू नकोस. तुला सांगते, पाद्रीबाबांच्या गाडीला एकदा कुणीतरी पोलिसांच्या गाडीची चिप बसवली होती. मग काय! रविवारी बाबा निघाले चर्चला, आणि गाडी लागली एका मेंढीचोराच्या मागे. पार तावोसपर्यंत! चोर थांबला, पाया पडला, तिथेच कबुलीजबाब… अगं खरंच. मेंढी मी पाहिली आहे.

बरं, राहू दे. थकले मी, लुदिविना. काल हे कार्बोरेटरमध्ये चिमायोच्या चर्चमधली पवित्र माती टाकायला निघाले होते. मूठ उघडायला लावली मी. त्यापेक्षा तू भावजींना सांग, चिप द्या. भांडण नंतर करा, भांडायला…

काय?… रडतेस का?… अगं बोल ना.

उलटी?

उलटी बसवली?… पण खाच होती ना एका टोकाला! आपणच नाही का नेलपॉलिशचे ठिपके लावून दिले, खाच कुठे ते कळावं म्हणून? आमच्या चिपवर लाल, तुमच्या चिपवर जांभळा… चष्मा नव्हता. हं. आणि जळली. लगेच?… आई गं.

म्हणजे नाताळपासून हे तोंड लपवणं… लाजेनं? आणि आमचे हे इथे शिव्या घालतायत… चार महिने!

नाही गं, चिडले नाही. चिडायलाही जोर लागतो. दुसरी कुठे मिळते का बघितलं?… सगळ्या भंगारवाल्यांकडे? अल्बुकर्कीपर्यंत?… बरं.

नको, मी नाही सांगणार यांना. त्यांचं त्यांनी बघावं. भावजी आहेत कुठे?… सकाळपासून कॅप्रीसमध्ये आडवे? डॅशबोर्डखाली?… आणि आत्ता घरात नाहीत? मग कॅप्रीस?… दारातच आहे. मग चालत गेले की काय…

थांब. थांब थांब. वायर ताणून खिडकीशी येते… 

लुदिविना, आले गं. फाटकात उभे आहेत. टोपी हातात… शर्टाच्या खिशावर असा हात धरलाय, जणू आत पिल्लू आहे.

यांनी बघितलं. आणि मान फिरवली… दोन गाढवं… हां, भावजी जवळ आले. खिशातून काढलं. रुमालात गुंडाळलंय… दिलं हातात.

अगं, जरा गप्प बस, बघू दे.

यांनी चिप उजेडात धरली. डोळ्यांजवळ नेली… बघतायत. अजून बघतायत… ठिपका बघतायत, लुदिविना. जांभळा आहे.

आता हे गाडीत वाकले. नळकांडं भावजींनी धरलंय… भावजी चष्मा लावतायत बघ, आता आठवला!… “खाच पुढे, गाढवा, खाच पुढे!” ऐकलंस? हे ओरडले! नाताळनंतरचं पहिलं बोलणं…

ए ओनेसिमो! नळी नाकात ठेवा!… किल्ली? किल्ली इथे आहे, माझ्या एप्रनमध्ये! भावजी, खिडकीतून घ्या…

थांब, फोन बाहेर धरते…

ऐकलंस? मांजरासारखी गुरगुरतेय. धूर? नाही गं, नाही. चादरी पांढऱ्या आहेत… जोर कमी असेल, कॅप्रीसचं डोकं ना ते. पण उद्या पळवायचंय कुणाला? गोगलगायीसारखं तर जायचं.

हो, तुमची गाडी उद्या दारातच राहील. तू ये इकडे. ते दोघं पुढे, आपण मागे, पानोचाचं भांडं मांडीवर.

काय म्हणालीस?… नाही.

नाही गं, विचारलंच नाही त्यांनी. माझी चिप कुठे, एवढंसुद्धा नाही. आता म्हणतायत, फिदेन्सिओला जेवायला वाढ.

बरं, रडू नकोस, ठेव… अगं ठेव ना, तेल जळतंय…