दुसरा स्पॉइलर

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, ज्यांना निरोप द्यायला आपण सारे जमलो त्या आपल्या क्लबच्या तपासनीस बाई, आणि समोर बसलेल्या तमाम गाडीवेड्या मंडळींनो,

बाईंना आपण पाठीमागे 'नकारघंटा' म्हणतो. त्यांना ते ठाऊक आहे, बघा, हसताहेत. शर्यतीआधी प्रत्येक गाडी त्यांच्या हाताखालून जायची आणि बऱ्याच आल्या पावली परत जायच्या. पण आज या सभागृहात धडधाकट बसलेल्यांपैकी किती जण त्या नकारामुळे बसलेत, याचा विचार केलाय कधी?

गेल्या मोसमात त्यांचा सख्खा भाचा डिकीवर घरी बनवलेला कार्बन फायबरचा स्पॉइलर, तो पंखासारखा आडवा पट्टा, लावून आला. तो काय, तिसऱ्या रांगेत मान खाली घालून बसलाय. काम देखणं होतं, अगदी आरशासारखं. बाई मात्र वाकल्या आणि खालचे ब्रॅकेट बघू लागल्या. अॅल्युमिनियमचे तुकडे, थेट कार्बनवर चिकटवलेले.

"आधी घासून घेतलं होतंस?"

"आत्या, इपॉक्सी गोंद आहे. हत्ती लटकवला तरी निघणार नाही."

"हत्ती राहू दे," म्हणत बाईंनी स्पॉइलर दोन्ही हातांनी वर ओढला. केळ्याची साल निघावी तसा तो सुटून हातात आला. साच्यातून सुटावा म्हणून लावलेलं मेण खाली तसंच चमकत होतं, घासलेलंच नव्हतं. ब्रॅकेटच्या कडेला पांढरी भुकटी धरली होती.

"कार्बनला अॅल्युमिनियम भिडलं आणि ओल लागली, की ते असं खात जातं. मध्ये काचतंतूंचं कापड हवं, वरून कार्बनचे पदर हवेत."

भाचा पांढराफटक पडला. आम्हाला वाटलं, ओशाळला. तो पुटपुटला, "साच्यातून दोन काढले होते, आत्या. दुसरा विकला."

"कुणाला?"

"नाव नाही विचारलं. करडी गाडी होती. रोजच्या वापराची."

शर्यतीच्या मैदानावर भिंती असतात, रुग्णवाहिका उभी असते. रस्त्यावर आपल्या मागे कोण असतं, मंडळी?

तेव्हापासून बाई ती करडी गाडी शोधत होत्या. गॅरेजं झाली, टायरवाले झाले, पेट्रोल पंप झाले. भाचा सोबत. निवृत्ती मागितली ती यासाठीच. गुडघेदुखी हे निमित्त.

परवा तो माणूस सापडला. मी बरोबर होतो. गाडी दारातच उभी, धुऊनपुसून लख्ख. डिकीवर दोन्ही ब्रॅकेट जागच्या जागी, घट्ट. वर स्पॉइलर नव्हता.

"तो होय? उडाला हायवेवर कुठेतरी," तो हसत म्हणाला. "घरी आल्यावर लक्षात आलं."

"मागे कोण होतं?" बाईंनी विचारलं.

"बघितलं नाही बुवा."

परतीच्या वाटेवर भाचा रडत होता. बाई म्हणाल्या, "गाडी नीट चालव. आपल्याला अजून लांब जायचंय."

उद्यापासून दोघं त्या हायवेवरच्या एकेका रुग्णालयात चौकशी करणार आहेत. बाईंनी भेटवस्तू नाकारली आहे. कुणाच्या कानावर काही आलं असेल, तर जाण्यापूर्वी तेवढं सांगा, हीच त्यांची मागणी.

निरोपाच्या प्रसंगी हे बोलणं कुणाला जड गेलं असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. आणि घरी जाताना, पुढच्या गाडीपासून जरा अंतर ठेवा.