बोगद्यातला ए-एच-ओ

हॅलो? … हं, बोल चिमे. … नाही, वीज नाही आली अजून. यूपीएस टीं टीं करतोय, ऐकू येतंय ना तुला?

माहीत आहे गं. सर्व्हर बंद पडता कामा नये. परत चालू केला की तो आधी कुलूप उघडायला आईचाच पासवर्ड मागणार, आणि तो आपल्याला कुठून माहीत असणार? … तेच ना. तिने अंध मुलांसाठी वाचलेले सगळे धडे आत. तिचा आवाज दुसरीकडे कुठे आहे आपल्याकडे?

हो, हो… अगं ऐक ना, लॅपटॉपसमोरच बसलोय. सर्व्हरमध्ये शिरायच्या त्या बोगद्याचं, व्हीपीएनचं, नवं सॉफ्टवेअर टाकून झालं. आता तुझी नवी किल्ली घालायची, की तू तिथून धडे ओढून घेणार. बरोबर?

मागे कोण बोलतंय? जावई का? त्यांना म्हणावं, एका वेळी एकानेच हुकूम सोडावा.

आत कोण कोण आहे? … थांब, चष्मा… दोन नावं आहेत. एक ‘लेक’, ती तू. दुसरं… ए, एच, ओ. … मला काय माहीत कोण! कंपनी असेल एखादी. … ‘आत्ता जोडलेले’ असं दिसतंय. … चोर? आईच्या सर्व्हरमध्ये? … काढू? नक्की ना? … काढला बघ. एंटर. गेला.

आता काय? … नाही होत. काहीच उमटत नाही. … दाबतोय की! अक्षर हलत नाही.

चिमे. ए, एच, ओ. सलग वाच बघू. … अगं, ‘अहो’! मीच की गं तो! आई मला जी हाक मारायची, त्याच नावाने माझा लॅपटॉप घातलाय तिने आत. … हसू नकोस. माझ्या हातानेच मला हाकललं मी.

मग आता? बोगद्याशिवाय दुसरं दारच ठेवलं नव्हतं ना तिने. … सर्व्हरलाच कीबोर्ड लावू? लावतो. थांब, कपाटाशी जातोय. … हे काय, साड्यांच्या पिशव्या आहेत पुढे. … नाही, नाही दिल्या अजून कुणाला. तो विषय नको आत्ता.

लावला. तिचा मॉनिटरही यूपीएसवर टाकला. … अरे बापरे, टीं टीं वाढली! चटचट सांग. … तुझं नाव टाकलं. पासवर्ड? … शी! हा पासवर्ड? आईला दाखवला होतास? … बरं, बरं. गेलो आत.

हं, सांग किल्ली. … मोठा क्यू. लहान एफ. सात. … एल की एक? … लहान एल. बी की डी? … बदकातला बी म्हण ना मग! … ओरडत नाहीये मी. यूपीएस ओरडतोय. … बरोबरचं चिन्ह. झालं. … वाचून दाखवू? नको? एंटर मारू? … मारला.

… 

चिमे? आलीस का आत? … बोल ना काहीतरी!

आलीस! … ओढ, ओढ. धडे आधी. फोटो राहू देत, फोटो आहेत माझ्याकडे. … किती झाले? … अर्धे? मॉनिटर काढतो, तेवढीच बॅटरी वाचेल. … फोन ठेवू नकोस. वायफायवरूनच बोलतोय मी, इथे रेंज कुठे असते. तो यूपीएस गेला की हाही जाईल.

…

सगळे? नक्की सगळे? … एखादा लावून बघ, नीट आलाय का. मधलाच कुठला तरी. … हं, धर फोनजवळ.

…

हो, हो, करतो… बंदच आहे गं पंखा. वीज नाहीये.

…

नाही… काही नाही. ऐकतोय मी. तू थांबवलंस का? … हो, आहे, आवाज नीट आहे. चिमे, मागे ने ते. … धडा नको. धड्याच्या आधी मला ‘अहो, पंखा बंद करा’ म्हणते ना, तेवढंच. परत ला…

हॅलो?

चिमे?