रविवारचा नाका

रत्नाकर : मग टेलिफोनचा माणूस काय म्हणाला?

सुब्राय : तो काय म्हणणार. खांबावर चढला, उतरला, डबा हलवून बघितला, धण्या-जिऱ्याचा कषाय प्याला आणि म्हणाला, लाइन ठणठणीत आहे, दोष असेल तर तुमच्या कॉम्प्युटरात. मी म्हटलं, कॉम्प्युटर तुझ्या लग्नानंतरचा आहे, त्याला काय धाड भरलीय?

नागवेणी : आणि त्याला भांडत भांडत फाटकापर्यंत नेऊन सोडलं. बिचारा उरलेला कषाय मागायचाही विसरला.

रत्नाकर : पण तो बरोबर बोलला, सुब्राय नायकरे. हे बघा, डब्यावरचे दिवे सगळे हिरवे आहेत. माझा लॅपटॉप जोडला तर त्याच्यावर सगळं उघडतंय. तुमच्यावर काहीच नाही. म्हणजे इंटरनेट घरापर्यंत आलंय. पुढे घरातच कोणीतरी अडवतंय.

सुब्राय : घरात आम्ही दोघंच असतो.

नागवेणी : आणि अडवायची हौस त्यातल्या एकालाच आहे.

रत्नाकर : कधीपासून बंद आहे हे, नागवेणक्का?

नागवेणी : कॉम्प्युटरवरचा पेपर, टपाल, सगळं गेलं ते परवा. पण चैत्राचं बोलणं त्याच्या कितीतरी आधी बंद पडलं. रत्नाकरा, बाकीचं राहिलं तरी चालेल, तेवढं एक आज चालू करून दे. म्हणून तर तुला रविवारचं कॉम्प्युटरच्या दुकानातून उठवून आणलं. पाच वाजता ती तिकडे आयर्लंडला कॉम्प्युटरसमोर बसेल.

सुब्राय : बसेल कशावरून? इतके रविवार नाही बसली.

नागवेणी : बसत होती. मी किती वेळा सांगू.

सुब्राय : आणि मी इथे काय झोपाळ्यावर होतो?

रत्नाकर : थांबा, थांबा. मला नीट सांगा. ती म्हणते ती बसते, तुम्ही म्हणता तुम्ही बसता. मग भेट का होत नाही?

सुब्राय : घरातल्या गोष्टी त्याला कशाला?

नागवेणी : अख्ख्या सिद्दापुराला ठाऊक आहे, ह्यालाच तेवढं नसेल? चैत्रानं नवऱ्याला सोडलं हे तू ऐकलं असशील. तो मारत नव्हता, पीत नव्हता. नुसता बोलायचा नाही. कामावरून आला, जेवला, भिंतीकडे तोंड केलं. महिनेच्या महिने घरात शब्द नाही. मला म्हणाली, अम्मा, मी स्वयंपाक करताना भांड्यांशी बोलते, वेड लागेल मला. शेवटी बाहेर पडली. आणि हे सगळं तिनं फोनवर बापाला सांगितलं, तर बाप काय म्हणाला...

सुब्राय : मी सांगतो. माझं बोलणं मलाच सांगू दे. मी म्हटलं, बोलत नाही म्हणून कोणी संसार मोडतं का. येशील तेव्हा त्याला घेऊन ये, एकटीनं दारात उभी राहू नकोस. आणि फोन ठेवला.

नागवेणी : आपटला.

सुब्राय : आपटला.

नागवेणी : दोन दिवस गेले. मग मला मोबाइलवर म्हणाली, अप्पांशी मी आता फोनवर बोलणार नाही, फोन आपटता येतो. दर रविवारी तुमच्या पाचला मी कॉम्प्युटरवर बसेन. बोलायचं असलं तर समोर येऊ देत, तोंड बघून बोलू.

सुब्राय : आणि मी गेलो समोर. पहिल्याच रविवारी. इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली, हिनं सांगितलं तसं त्या निळ्या चित्रावर दाबलं. मधे एक चकती गोल गोल फिरत राहिली. मला वाटलं, ते असंच असतं, पलीकडून हाक आली की थांबेल. अंधार पडेपर्यंत बसलो. पुढच्या रविवारी परत तेच. हाक म्हणून आली नाही.

नागवेणी : आणि सोमवारी तिचा मला फोन. म्हणायची, अम्मा, अप्पा आलेच नाहीत, त्यांच्या नावापुढे कोणी नाही असंच दिसतं. मी म्हणायची, अगं बसले होते, मी स्वतः बघितलं, हातात पाण्याचा तांब्या घेऊन बसले होते. ती म्हणायची, तू त्यांची बाजू घेऊ नकोस. इकडे ह्यांना सांगावं ती बसली होती, तर हे म्हणणार, तू तिची बाजू घेऊ नकोस. माझी बाजू घ्यायला मात्र मेलं कोणी नाही.

रत्नाकर : मग मला इतक्या दिवसांत बोलवलं का नाही?

नागवेणी : मशीन बिघडलंय हे कोणाच्या डोक्यात आलं? पेपर दिसत होता, टपाल येत होतं. आम्ही आपलं माणसंच बिघडली असं धरून चाललो. परवा सगळंच बंद झालं तेव्हा मला वाटलं, अरे, हे आधीपासूनच बिघडलेलं असलं तर? कालच ती म्हणाली, अम्मा, उद्याचा रविवार शेवटचा. न बोलणाऱ्या एका माणसापासून मी सुटले, दुसऱ्याच्या मागे नाही लागणार.

सुब्राय : हे तू मला नाही सांगितलंस.

नागवेणी : तुम्ही जेवत होता.

रत्नाकर : बरं. चार वाजून गेलेत, बघू या काय होतं ते. नायकरे, ही खालच्या कोपऱ्यात लाल ढाल दिसते, ही कोणी बसवली?

सुब्राय : ती होय. तो आपला पहारेकरी. फायरवॉल म्हणतात. चैत्रानंच बसवला, गेल्या खेपेला आली होती तेव्हा. म्हणाली, अप्पा, इंटरनेटवर चोर फार झालेत. हा प्रत्येकाला अडवून तुम्हाला विचारेल, सोडू का नको. ओळखीचा नसेल त्याला सोडू नका. मी म्हटलं, पोरी, जंगल खात्याच्या नाक्यावर जन्म गेला माझा, तू मला शिकवतेस? आणि हसली ती. खूप हसली.

रत्नाकर : मग तो विचारायचा तेव्हा तुम्ही काय सांगायचात?

सुब्राय : एक चौकट यायची. इंग्रजीत. अमका अमका जाऊ मागतोय, सोडायचं की अडवायचं. मी चष्मा लावून नाव वाचायचो, घाई नाही करायचो. नाव कळलं नाही की अडव. नाक्यावर तरी दुसरं काय होतं? पास दाखव, पास नसला तर गाडी बाजूला घे. आमदाराच्या मेव्हण्याचं शिसव अडवलंय मी, तर हे कोण लागून गेले. आणि खाली एक बारीकशी खूण करता येते, नेहमी असंच कर म्हणून. ती केली की तोच तोच माणूस परत तोंड वर करून येत नाही.

नागवेणी : निवृत्त झाल्यापासून इतके खूश मी ह्यांना कधी बघितले नव्हते. कोणाला अडवलं की आतून हाक यायची, अगं, एकाला परत पाठवला, चहा टाक.

रत्नाकर : आणि सोडलंत कोणाकोणाला?

सुब्राय : सोडायला ओळखीचं नाव तर यायला पाहिजे.

नागवेणी : म्हणजे कोणालाच नाही.

रत्नाकर : नायकरे, रागावू नका. परवा तुम्ही एकाला अडवलंत ना?

सुब्राय : अडवला. मोठी चौकट होती.

रत्नाकर : तो ब्राउझर, चैत्रानं बसवतानाच सोडून ठेवलेला, तो नवी आवृत्ती होऊन परत आला. तुम्ही पेपर वाचता, टपाल बघता, ते सगळं त्याच्यातून. म्हणून परवापासून सगळं बंद. आणि चैत्रा ज्याच्यावरून बोलते ते निळं चित्र, त्याचीही मधे नवी आवृत्ती आली. पहारेकऱ्याला तो नवा माणूस वाटला. त्यानं आपलं काम केलं, तुम्हाला विचारलं.

सुब्राय : आणि मी अडव म्हणालो.

रत्नाकर : नेहमी अडव म्हणालात.

सुब्राय : म्हणजे माझी पोर दर रविवारी फाटकाशी येत होती आणि मी तिला परत पाठवत होतो.

रत्नाकर : तसं नाही हो. ती फाटकाशी आलीच नाही, तिला येताच आलं नाही. ह्या ज्या चौकटी तुम्हाला दिसल्या, त्या तुमच्या घरातून बाहेर जाणाऱ्यांच्या होत्या. ते निळं चित्र आधी बाहेर जाऊन सांगतं, सुब्राय नायक घरात आहेत, बसलेत. हा निरोप गेला की मग तिला तुम्ही दिसता, मग ती हाक मारते. तो निरोपच बाहेर पडला नाही. चकती फिरत होती ती त्याचीच.

सुब्राय : बाहेर जाणारा अडवला.

रत्नाकर : हो.

सुब्राय : मला हे कळायला पाहिजे होतं रे. जंगलाचा नाका बाहेर जाणाऱ्या गाडीसाठीच असतो. आत येणारी रिकामी, तिला कोण विचारतो. जन्मभर बाहेर जाणाऱ्याच अडवल्या आणि इथे बसून मला वाटतंय की मी चोराला आत येऊ देत नाही. मी घरात आहे, एवढंच तिला कळायचं होतं. तेच मी जाऊ दिलं नाही.

नागवेणी : असू दे. तुम्हाला माहीत नव्हतं.

सुब्राय : तिला काय वाटलं असेल? नवरा तसा, आणि बापही तसलाच.

नागवेणी : अहो, तिनंच सांगितलं होतं ना अडवा म्हणून. तुम्ही तिचंच ऐकलंत. आयुष्यात एकदा कोणाचं तरी ऐकलंत आणि हे असं झालं.

रत्नाकर : मी हा पहारेकरीच काढून टाकतो. एकदाची कटकट जाईल.

सुब्राय : नाही. तिनं बसवलाय, तो राहणार. मला नीट राबवता आला नाही हा त्याचा दोष नाही. दुसरं काही असेल तर कर.

रत्नाकर : मग तुमचे जुने हुकूम सगळे पुसतो. तो पहिल्यापासून विचारील, एकेकाला. ह्या वेळी आपण दोघं बसून उत्तर देऊ. झालं. हा आला बघा पहिला.

सुब्राय : हा कोण?

रत्नाकर : नागवेणक्कांचा पत्त्यांचा खेळ.

नागवेणी : त्याला सोडा.

सुब्राय : खेळ घरात खेळायचा, त्याला बाहेर कशाला जायचंय?

रत्नाकर : जाहिराती आणायला.

सुब्राय : मग अडव. हे बरोबर आहे की नाही? बघ, अगदीच काही मला कळत नाही असं नाही.

रत्नाकर : अगदी बरोबर. हा दुसरा आला, ब्राउझर. सोडा. आता निळ्या चित्रावर दाबा. हं, हा तिसरा. हाच तो. नाव नीट बघून ठेवा, पुढे परत नवी आवृत्ती येईल. दाबा.

सुब्राय : रत्नाकरा, तू दाब.

रत्नाकर : तुमचा हुकूम आहे, तुम्हीच द्या.

सुब्राय : हा तोच आहे ना? दुसऱ्या कोणी त्याचं नाव लावलेलं नाही ना?

रत्नाकर : तोच आहे.

सुब्राय : थोडं थांबू. पाच कुठे वाजलेत अजून.

नागवेणी : वाजायला आलेत. अहो, तुम्हाला त्या प्रोग्रामची भीती नाही वाटत. मला कळत नाही का?

सुब्राय : ती काय बोलेल गं?

नागवेणी : भांडेल. भांडू दे. भांडायला तरी समोर माणूस लागतं. इतके दिवस तिला तेही मिळालं नाही.

सुब्राय : आणि बोललीच नाही तर?

नागवेणी : तर तुम्ही बोला. कोणीतरी सुरुवात करायला नको का ह्या घरात?

रत्नाकर : मी पडवीत बसतो, नागवेणक्का. काही अडलं तर हाक मारा.

सुब्राय : दाबलं. चकती फिरतेय. नागवेणी, ही परत फिरायलाच लागली.

नागवेणी : फिरू दे जरा. थांबली बघा.

(कॉम्प्युटरवर घंटी वाजू लागते.)

चैत्रा : अम्मा? आवाज येतोय का? अप्पा. अप्पा, तुम्ही आहात?

सुब्राय : आहे. आधीपासून होतो. दर रविवारी होतो. ते कसं काय ते तुला हा रत्नाकर सांगेल, नाहीतर मीच सांगेन, पण ते नंतर. तुला मी दिसतोय?

चैत्रा : नुसतं कपाळ दिसतंय. थोडे मागे सरका. हां, आता दिसता. बारीक झालात.

सुब्राय : चैत्रा, मी तुला वाईट बोललो. चुकलं माझं. बोलत नाही म्हणून कोणी संसार मोडतं का, असं म्हणालो. मला तेव्हा कळलंच नव्हतं ते काय असतं. इतके रविवार ह्या खुर्चीत बसलो, तुझा शब्द नाही. रात्री जेवण तसंच ताटात राहायचं. हे थोडे दिवस, तेही आठवड्यातून एकदा. तू तिथे वर्षं कशी काढलीस गं?

(चैत्रा रडू लागते.)

सुब्राय : रडू नकोस. नाही, रड. मी इथेच आहे, उठत नाही.

चैत्रा : सवय होते, अप्पा. तेच फार वाईट असतं. मागे एकदा दुकानात बाईनं विचारलं, पिशवी हवी का, तर मला उत्तर द्यायला शब्दच आठवेना.

सुब्राय : हं. आणखी सांग.

चैत्रा : आणखी काय. नवी खोली घेतलीय, लहान आहे. खिडकीतून समुद्र दिसतो. जूनमध्ये सुट्टी मिळेल. यायचं म्हणते. एकटीच असेन.

सुब्राय : गोव्याला उतर. मी येतो न्यायला.

चैत्रा : तुम्ही कशाला? पाऊस असेल, घाट असेल. मी येईन बसनं.

सुब्राय : लांबचा रस्ता आहे पोरी. बोलायला कोणीतरी बरोबर असलेलं बरं.