नाक गेलं आणि फिलू आली

माझं नाव आग्नेस, जन्म अंधेरी पूर्वेचा, मरोळच्या गावठाणातला, आणि लग्न करून गेले ती पण दोन गल्ल्या सोडून, म्हणजे उभा जन्म या एका क्रुसाच्या आजूबाजूला गेला बघा. लोक विचारतात तुम्ही ख्रिस्ती ना, मग मराठी एवढं कसं येतं, मी बोलते अहो आम्ही ईस्ट इंडियन, मुंबईचे मूळचे ख्रिस्ती, इथे आमची भाताची शेतं होती, मराठी नाय बोलणार तर काय बोलणार. तोंड फटकळ आहे माझं, आधीच सांगते, मनावर घेऊ नका.

धंदा माझा बाटली मसाल्याचा. आमच्यात वर्षाचा मसाला एप्रिल-मेमध्ये करून ठेवतात, वीस-पंचवीस जिन्नस, प्रत्येक वेगळा वाळवायचा, वेगळा भाजायचा, मग कांडायचा आणि बिअरच्या काळ्या बाटलीत काठीने ठासून भरायचा, म्हणून बाटली मसाला. माझ्या सासूसारखा मसाला अख्ख्या गावठाणात कोणाला जमला नाय. जायच्या आधी तिने माप सांगितलं ते मला एकटीला. धाकटी जाऊ फिलोमिना, आम्ही फिलू बोलतो, भिंतीला भिंत लागून राहते, ती एकदा माप विचारायला आली तर मी बोलले, तुला द्यायचं असतं तर आईने तुला नसतं बोलावलं? बस, तिथून नऊ वर्षं बोलणं बंद. चर्चमध्ये मिस्सेत फादर बोलायचे एकमेकांना हात देऊन शांती द्या, की मी फिलूला सोडून लगेच मागच्या बाकावरच्या बाईकडे वळायची. नऊ वर्षं रविवारी हेच केलं मी, आणि वर कम्युनियनचा प्रसाद पण घेतला.

आता मागचं वर्ष काय सांगू तुम्हाला. फेब्रुवारीत माझे मिस्टर पत्रा ठोकायला चढले ते खाली आले, खुबा मोडला, रिक्षा चालवायचे, ती दारात उभी. मार्चमध्ये मला ताप आला, चार दिवसांनी ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. कशाचाच वास नाय, ना फिनेलचा, ना सुक्या बोंबलाचा. डॉक्टर बोलला येईल हळूहळू, धीर धरा, मी बोलले डॉक्टर, मी धरीन हो धीर, एप्रिल धरणार आहे काय? कारण भाजणं सगळं नाकावर असतं, घड्याळावर नाय, आणि त्या वर्षी घर चालायचं तर ते मसाल्यावरच. फादर उपदेशात बोलले संकटातपण देवाचे आभार माना, मी मनात बोलले, फादर, तुमचं नाक शाबूत आहे.

कोणाला सांगितलं नाय मी. मसालेवालीचं नाक गेलं कळलं तर गिऱ्हाईक राहील काय? अंगणात चूल पेटवली, खापर ठेवलं, कपाळावर क्रूस केला, बोलले येशू, डोळ्याने भाजते, तू सांभाळ. धणे निभावले, तिळाचा रंग कळतो, तो पण निभावला. मग घेतलं दगडफूल. आता ते मुळातच काळं, त्याचा रंग काय कळणार, आणि धूर तर लाकडाचापण होता. मी आपली परततेय, वासाची वाट बघायची सवय ना हाताला, वास येत नाय म्हणून आणखी परततेय. तेवढ्यात बाजूचं दार धाडकन उघडलं आणि फिलू ओरडत बाहेर, वहिनी, जळतंय गं!

नऊ वर्षांनी वहिनी बोलली. आणि मी काय बोलले असेन? माझं मी बघीन. तिने खापर उतरवलं, चिमूटभर माझ्या नाकाशी धरलं, मी पण शहाणी, हुंगल्यासारखं केलं, बोलले ठीक तर आहे. ती माझ्याकडे बघून हळू बोलली, वहिनी, कोळसा झालाय याचा, तुला वास येत नाय काय? तिथे मी रडले, चुलीसमोर, भर गल्लीत.

तिने काय केलं, ओढणी कमरेला बांधली आणि बसली. मी जिन्नस टाकायची, ती हुंगायची, बोलायची थांब, थांब, आता उतर. तीन दिवस असं. भिंतीपलीकडून नऊ वर्षं दर उन्हाळ्यात तिला तो वास येत होता, एकेक जिन्नस पाठ होता तिला, फक्त माप नव्हतं. चौथ्या दिवशी सगळं एकत्र करायचं होतं, तर फिलू उठून उभी राहिली, बोलली, वहिनी, मापाच्या वेळी मी घरी जाते. खरं सांगते, थोबाडीत मारली असती तरी एवढं लागलं नसतं. मी बोलले बस खाली, आणि मोठ्याने सांगितलं माप, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

मग मी थांबलेच नाय. मिस्टरांना बोलले, खुबा मोडलाय, हात नाय मोडले, घ्या काठी, ठासा बाटल्या. खाटेवर बसून ठासल्या त्यांनी, आणि माणूस दोन महिन्यांनी पहिल्यांदा हसला. पाऊस यायच्या आत सगळ्या गिऱ्हाइकांचा मसाला पोचवला आम्ही. फिलूने मिस्टरांना डॉक्टरकडे न्यायचं, मी तिच्या घरी आमटी द्यायची, असं वर्ष ओढलं. वाईट वर्ष होतं, गोड नाय करून सांगणार. पण देवाने एका हाताने घेतलं आणि दुसऱ्या हाताने दार उघडलं, हे माझ्या डोळ्यांनी बघितलं मी.

वास अजून नाय आला. परवा फादर बोलले, आग्नेस, तुझ्या नाकासाठी खास प्रार्थना ठेवूया. मी बोलले फादर, थोडे दिवस थांबा. त्यांना वाटलं विश्वास कमी पडला. तसं नाय हो. मी मला ओळखते ना, उद्या नाक परत आलं तर मी परत पहिलीसारखी होईन, बोलेन आता तुझी गरज नाय. म्हणून काल बसले, सगळं माप कागदावर लिहिलं, फिलूच्या हातात दिलं, बोलले हे तुझं, आता परत मागितलं तरी देऊ नको. ती कागद छातीशी धरून उभी राहिली. मग मी तशीच चर्चला गेले आणि बोलले, फादर, आता करा प्रार्थना.