आई ठेवायची, लेक काढायची

नाही, अशी नाही धरायची सुई — मनगट टेबलावर टेकव, बोटं सैल सोड. तुला अगंतुगं करते हं, माझ्या भाचीच्या वयाची आहेस. आता बघ मायक्रोस्कोपात. दिसलं? ती मोठी यीस्टची पेशी म्हणजे आई, आणि तिच्या अंगाला फुगवटा आलाय ती लेक. लेक पुरती वाढली की सुईनं हळूच सुटी करायची, बाजूला सारायची. आई ठेवायची, लेक काढायची, वहीत एक रेघ मारायची. आई थकून कायमची थांबेपर्यंत हेच. दीड तासाला एक लेक — बाळंतिणीला उसंत म्हणून नाही — आणि प्रत्येक लेकीमागे आईच्या अंगावर एक व्रण राहतो. जुनं, बिघडलेलं सगळं आई स्वतःकडे ठेवते आणि लेकीला कोरी करकरीत धाडते. सव्वीस वर्षं बघतेय मी हे. घरी जाताना प्लेट फ्रीजमध्ये ठेवली की त्या जागच्या जागी थांबतात, सकाळी पुन्हा सुरू. आपल्याला कोण ठेवतंय असं.

तुझ्या आया किती लेकींनंतर थांबतात म्हणालीस? सव्वीस? आणि आमच्या शेहेचाळीस, म्हणून तू एवढ्या लांबून माझा हात बघायला आलीस. पाणी वेगळं असेल गं तुमचं. साखर? — साखर आम्हीही तेवढीच कमी घालतो, जेमतेम जगण्यापुरती. थोडी उपासमार झाली की त्या सावध होतात, काटकसरीनं राहतात, चार लेकी जास्त देतात, हे तर खरंच आहे... चारच, हो. वीस नाही. किती वेळा केलंस म्हणालीस? अकरा? एका वेळेला तीन आठवडे, वर तयारी — म्हणजे दोन वर्षं गेली की तुझी यात. आणि तुझे सर म्हणतात तुझाच हात कच्चा. हात कच्चा नाहीये तुझा. मघापासून बघतेय ना मी, माझ्यापेक्षा हलका आहे.

अशी बघू नकोस माझ्याकडे. चोराच्या मनात चांदणं. एरवी माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, सगळी लॅब हसते मला, पण हा एक तीळ तीन वर्षं भिजत पडलाय. त्या दिवशी विसावी रेघ चालू होती, चाळीस आया एका प्लेटवर, आणि शेजारणीचा फोन आला — तुमची आई दार उघडं टाकून कुठंतरी गेलीये. धावत सुटले. बसस्टॉपवर सापडली, अनवाणी. मला बघून रडायला लागली, हात घट्ट धरला आणि म्हणाली, आई, किती उशीर केलास मला न्यायला. मला म्हणाली. जन्मदात्या बाईनं मला आई म्हटलं, आणि मी काय म्हणणार, म्हटलं, चुकलं गं माझं, चल घरी.

तीन तासांनी परत आले तर प्लेट टेबलावरच. फ्रीजमध्ये ठेवायचं राहूनच गेलं होतं. लेकी झालेल्या, लेकींनाही लेकी लागलेल्या, सगळा गोतावळा एकमेकींना चिकटून बसलेला. नियम काय आहे? आई कुठली ते कळेनासं झालं की त्या पेशीवर काट मारायची. म्हणजे चाळिसांवर काट, पुन्हा पहिल्यापासून, आणि सरांची परिषद आठवड्यावर. मग बसले निवडत. म्हातारी पेशी कळते गं, सव्वीस वर्षांनी डोळ्यांना कळतेच — फुगलेली, खरबरीत, मंद. मला त्या दिवशी तसलं काही बघवेना. टवटवीत दिसली ती आई म्हणून ठेवली, थकलेल्या सगळ्या सारल्या बाजूला. आणि मोजणी पुढे चालू, एकविसाव्यापासून — कोऱ्या लेकींच्या नावावर आयांच्या वीस रेघा. अजून मी चुकून झालं म्हणते, पण चुकून एखादी होते, चाळीस होत नाहीत.

सर बिचारे म्हणाले होते, पुन्हा एकदा करून बघायला हवं. मीच म्हटलं, केलं सर, तेच आलं. केलंच नव्हतं. सरांचं नाव झालं, माझंही कौतुक झालं, आणि इकडे तुझी दोन वर्षं मातीत गेली. मला काय माहीत, त्या आकड्यामागे कुणी अकरा वेळा धावत असेल.

काय लिहितेयस? नको लिहू. चार महिन्यांत निवृत्त होतेय मी, तेवढं झालं असतं... लिही. त्यापेक्षा असं कर, दुसऱ्या खणात निळी वही आहे. त्या दिवशीच्या पानावर मी गेले ती वेळ आहे आणि आले तीही आहे, ते काही खोडलेलं नाही. दुसऱ्यांदा केल्याची वही शोधू नकोस, ती नाहीच. सर पलीकडच्या खोलीतच बसलेत. तू परकी, तुझं ऐकणार नाहीत ते, मीच यायला हवं बरोबर. चल, येते.

थांब, घरून फोन आहे. हं... हो गं सोने, आईच बोलतेय. नाही, कुणी नाही तिथं, घाबरायचं नाही. जेवलीस का? अगं, निघालेच मी, आई येतेच आहे... नाही रडायचं. ठेवू नकोस फोन, बोलत राहा.

तू हो पुढे. वही घेऊन जा.