वीसपट लाभ

मंडळी, ऐका! एका नॉबवर पांढरी रेघ होती. शून्यापासून ती किती सरकायची? तीळभर! नऊ वर्षं ती तीळभराच्या पुढे गेली नाही. गेली, की फडताळातल्या बश्या खडखडायच्या!

आता मला सांगा — ज्याला हळू बोलताच येत नाही, त्याला बलवान म्हणायचं का हो?

अमरावतीच्या दमयंतीबाई चेंडके. शाळेत पदार्थविज्ञान शिकवायच्या, संध्याकाळी शारदिनीताईंकडे गाणं शिकायच्या. ताईंचा गळा आता गेला. उरलं ते तालमीचं ध्वनिमुद्रण. त्यातला खर्ज — श्वासाइतका हळू! तो ऐकून बाईंनी पुढे शिकवायचा. नाहीतर ती गायकी तिथंच संपली.

आणि घरात काय? यजमान त्र्यंबकरावांनी हौसेनं आणलेला प्रीॲम्प! म्हणजे स्पीकरआधी आवाज वाढवणारी पेटी. गरज तिपटीची — ही वाढवायची वीसपट! नॉब जरासा फिरवला, की डावा स्पीकर बोलायचा, उजवा गप्प. वर सतत सरसर, गरम तेलात मोहरी टाकावी तशी! खर्ज ऐकायचा कुठून?

बाई म्हणाल्या, "अहो, याचा गेन, म्हणजे आवाज कितीपट वाढवायचा ते प्रमाण, कमी करायला हवा. आत मुगाएवढा रेझिस्टर आहे. तेवढा बदलला, की नॉब पुरेसा फिरवता येईल, दोन्ही स्पीकर सारखे बोलतील आणि सरसर कमी होऊन खर्ज ऐकू येईल."

त्र्यंबकराव उखडले! "गेन कमी? अगं, गेन म्हणजे लाभ! दारावर शुभ-लाभ लिहायचं आणि घरात लाभ कापायचा?"

त्यांचे मित्र रघुवीरभाऊ चहा भुरकत म्हणाले, "वहिनी, उद्या मोटारीचं इंजिन काढून पायडल लावाल!"

हसताय? हसू नका! ज्या बाईनं शेकडो मुलांना वीज शिकवली, तिला तिच्याच घरात 'गेन'चा अर्थ शिकवतात! आणि बाई? "राहू द्या," म्हणाल्या. कपबश्या उचलल्या. नऊ वर्षं उचलल्या!

एके दिवशी त्यांची शिष्या मैथिली आली. दोन मुलांची आई, नोकरी सांभाळून शिकणारी. बाईंनी ध्वनिमुद्रण लावलं. मैथिलीनं कान देऊन ऐकलं आणि म्हणाली, "बाई, इथं ताई थांबल्यात ना?"

थांबल्यात? अहो, तिथंच तर ताई गात होत्या!

त्र्यंबकराव धावले, नॉब फिरवला. घर दणाणलं! "घे, आता येतंय ना ऐकू?"

मैथिलीनं कानांवर हात ठेवले.

मंडळी, तुमच्या घरात कोण हळू बोलतं? आई? सून? आठवतं का ती काय म्हणाली? नाही आठवत! कारण तुमची पेटीही वीसपटीवर आहे, आणि तुम्ही तिलाच कर्तबगारी म्हणता! माना कसल्या डोलावता? घरी जाऊन उत्तर द्या.

बाईंनी मात्र कपबश्या तिथंच ठेवल्या. पेटीची पिन भिंतीतून उपसली, पेचकस घेतला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाल्या —

"गेन कमी होणार. आज. आणि तो मी करणार."